गावांची रूपरेषा आणि एक किरकोळ दुरुस्ती

मी माझ्या बहिणीचं गाव धरणात बुडवलं.

धरण भरलेलं नव्हतं, पाऊस नव्हता, कुणी दारं उघडली नव्हती. मी सोलापुरात माझ्या घरी पंख्याखाली बनियनवर बसलो होतो. डाव्या हातात शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी होती आणि उजव्या हाताखाली माउस. एक टिचकी मारली आणि दीड-दोनशे उंबऱ्यांचं गाव माणसांसकट, शाळेसकट, केळीच्या बागांसकट पाण्याखाली गेलं. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी नोकरी सांगावी लागेल. एका व्यापाऱ्याच्या चादरी-टॉवेलच्या गोडाऊनला मी एकतीस वर्षं काढली. प्रत्येक डिझाइनला एक नंबर आणि प्रत्येक नंबराला एक कप्पा. हा माझा कायदा होता. एकच नंबर दोन कप्प्यांत सापडला की समजायचं, कुणीतरी घोळ घातलाय. मग जास्त विचार करायचा नाही. लहान गठ्ठा उचलायचा आणि मोठ्या गठ्ठ्यात टाकायचा. हे इतकी वर्षं केलं की अजूनही घरात चमचे दोन डब्यांत दिसले तर माझा हात शिवशिवतो. बायको म्हणते, "नशीब मला नणंद एकच हाय. दोन असत्या तर तुमी एक उचलून दुसरीत टाकली असती."

रिटायर झाल्यावर भाच्यानं, म्हणजे ताईच्या मुलानं, मला तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश दाखवला. कुणीही उठावं आणि लिहावं. कुणीही उठावं आणि दुसऱ्यानं लिहिलेलं खोडावं. मला पटेना. "आणि कुणी मला विचारणार नाही, तू कोण?" मी विचारलं. "न्हाय मामा," तो म्हणाला. एवढं स्वातंत्र्य मला गोडाऊनमध्येसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

लेख लिहिणं काही जमलं नाही. चार ओळींच्या पुढं माझं गाडं जात नाही. पण तिथं 'रूपरेषा' नावाचा एक प्रकार आहे. एखाद्या विषयावरची पानं ज्ञानकोशात इथंतिथं विखुरलेली असतात. त्या सगळ्यांची एका पानावर शिस्तीत मांडलेली यादी म्हणजे रूपरेषा. मोठं शीर्षक, त्याच्या पोटात लहान शीर्षक, त्याच्या पोटात आणखी लहान. कुठल्याही नावावर टिचकी मारा, ते पान उघडतं. मी पाहिलं आणि मला भरून आलं. हे तर गोडाऊन! आणि सगळा माल जमिनीवर पडलेला!

मी 'गोडाऊनवाला' असं नाव घेऊन आत शिरलो आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावांची रूपरेषा ताब्यात घेतली. तिथं आधी काम करणाऱ्यांनी गावं तालुक्यावार लावली होती, काहींनी नदीवार, एकानं तर बाजाराच्या वारावार. मी सगळं उपसलं. सहा महिने मी त्या पानावर रोज दुपारी तीन-तीन तास होतो. कुणी काही बदललं की मी ते परत जागेवर लावायचो आणि खाली लिहायचो, 'एक विषय, एक जागा. कृपया शिस्त पाळावी.' माझ्या शिस्तीला कंटाळून दोघं सोडून गेले. मला वाटलं, कामाचा दर्जा बघून गेले.

एका दुपारी मी दोनदा आलेली नावं शोधायला बसलो. अकरा सापडली. अकराही वेळा लहान गठ्ठा मोठ्या गठ्ठ्यात टाकला. अंगात एक लय आली होती, एकतीस वर्षांच्या सवयीची. बारावं नाव ताईच्या सासरचं होतं.

खरं सांगतो, ते मला ताईचं गाव म्हणून दिसलंच नाही. मला नंबर दिसला. उजनीचं धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं. लोक वर माळावर आले, तिथं घरं बांधली आणि नाव तेच ठेवलं. म्हणून त्या नावाची पानं दोन. एक पाण्यातल्या गावाचं, लांबलचक; त्यात जुना घाट, देऊळ, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसणारा कळस, सगळं सविस्तर. दुसरं आजच्या गावाचं, तीन ओळींचं. एक 'पाण्याखाली गेलेली गावे' या शीर्षकाखाली, दुसरं 'धरणाकाठची गावे' या शीर्षकाखाली. एक नंबर, दोन कप्पे! मी तीन ओळींचं पान मोठ्या पानाकडं वळवलं. म्हणजे आता कुणीही त्या गावाचं नाव टाकलं की त्याला थेट बुडालेलं गाव दिसणार. मग रूपरेषेतून दुसरं नाव काढलं. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं, 'नक्कल काढली.'

ज्या गावात मी पोटाला तडस लागेपर्यंत केळी खाल्ली, जिथं ताईच्या अंगणातल्या बाजेवर उताणा झोपून घोरलो, ते गाव.

आठवड्याभरानं त्या पानाच्या चर्चेच्या जागेत एका निनावी माणसानं लिहिलं, 'गाव हाय की. लोक राहत्यात हितं.' सही नाही, काही नाही. मला राग आला. ज्ञानकोशात ही काय भाषा! मी उत्तर दिलं, 'गाव अस्तित्वात असल्याबद्दल विश्वसनीय संदर्भ द्यावा. अन्यथा अशी विधाने येथे करू नयेत.' आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लई जोरात लिवलंय की." मी ती शाबासकी समजलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका बुधवारी जेवण होऊन पान लावत होतो, तर ताईचा फोन. ताई रडत नाही. आमच्या घरात रडायचं काम माझ्याकडं आहे. पण त्या दिवशी तिचा आवाज चिरका होता.

भाचा बत्तीस वर्षांचा. केळी आहे, ऊस आहे, दोन मोटारी पाण्यावर आहेत, ट्रॅक्टर आहे, मुलगी नाही. शेतीवाला म्हटलं की मुली फोटोसुद्धा बघत नाहीत. सात ठिकाणांहून नकार आलेला. सातव्या नकारानंतर तो घरात कुणाशी फार बोलायचा नाही, जेवायचा आणि मोटारीवर जायचा. आणि आता आठव्या ठिकाणाहून होकारासारखं काहीतरी आलं होतं. मुलगी वळसंगची, सोलापुरात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तिनं स्वतः म्हटलं होतं, माणूस बरा वाटतो, घर बघून येऊ. रविवारी यायचं ठरलं होतं.

"आणि आत्ता तिच्या काकाचा फोन आलाय," ताई म्हणाली. "म्हणतोय, तुमचं गाव बुडालंय. बुडालेल्या गावात पोरगी द्यायची का आम्ही? मी म्हटलं, अहो दादा, मी गावातनंच बोलतेय. तर म्हणतोय, मोबाइलवर सगळं दिसतंय आम्हाला, आम्ही काय अडाणी न्हाय. शेतीबी पाण्यात असंल, दुसऱ्याचीच बाग दाखवून फोटो काढलं असतील. आमाला फसवणारे म्हटला रे तो!"

मी हातातलं पान तसंच ठेवून उठलो.

"तू त्यातलं बघतोस न्हवं? कुणा मेल्यानं केलंय बघ जरा. त्याला चांगला झाप."

"बघतो," मी म्हणालो.

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो. पान उघडलं. गाव पाण्याखाली. इतिहास उघडला. तिथं प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, काय म्हणून केला, सगळं ओळीनं असतं. नक्कल काढली. गोडाऊनवाला.

मी चष्मा काढून पुसला, परत घातला. गोडाऊनवालाच होता.

बायको दारात उभी. "काय झालं? तोंड असं का केलंय? पान लागलं का?"

मी मान हलवली, धड हो म्हणून नाही, धड नाही म्हणून नाही. खुर्चीत बसलो. एक माणूस सात नकार पचवून बसलेला, आणि आठवा नकार त्याच्या मामानं स्वतःच्या हातानं तयार करून ठेवलेला. तोही भाकरी खाता खाता.

मग मी जे केलं ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. मी गाव वर काढलं. तीन ओळींचं पान पूर्ववत केलं, रूपरेषेत 'धरणाकाठची गावे' खाली नाव परत बसवलं. आणि ज्ञानकोश एक सोय देतो: बदल अगदी क्षुल्लक असेल, स्वल्पविराम वगैरे, तर एका चौकटीत खूण करायची. मी खूण केली. कारण लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.'

ताईला फोन लावला. "झालं. काकांना म्हणावं, आता बघा."

"कोण होता रे?"

"असतात रिकामटेकडे."

"वाटोळं होईल त्याचं," ताई म्हणाली. मी म्हटलं, "हो."

काकानं परत पाहिलं, गाव सापडलं, गुरगुरला, पण रविवारचं येणं कायम राहिलं. मी आदल्या दिवशीच निघालो. केमला रेल्वेनं उतरलो. भाचा मोटारसायकल घेऊन आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "मामा, तुमच्यामुळं वाचलं बघा," तो म्हणाला. मी त्याच्या मागं बसलो ते बरं झालं. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

ताईच्या घरी पोचलो तर दारात पाटा-वरवंटा. मसाला वाटायचा, चांगला दोन माणसांनी उचलावा असा पाटा, उंबऱ्याबाहेर आणून ठेवलेला. त्याला लागून एक गाठोडं, एक पितळी डबा, दोरीनं बांधलेली वाकळ. आणि शेजारी ताईच्या सासूबाई बसलेल्या. ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना मावशी म्हणतो. फार बोलत नाहीत, ऐकू सगळं येतं.

"मावशी, हे काय? रंग काढायचाय का घराला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सोलापूरचा माणूस, कॉम्प्युटरातलं कळणारा.

"किती दिस दिल्यात?" त्यांनी विचारलं.

"कशाला मावशी?"

"उठायला."

मला कळेना. ताई आतून हात पुसत आली आणि तिलाही कळेना. मावशी बुधवारी पलीकडच्या खोलीत होत्या. फोनवर त्यांनी एवढंच ऐकलं होतं की गाव पाण्यात गेलंय म्हणून कुठंतरी छापून आलंय. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. आधी कागद आला, मग पाणी. तेव्हा त्यांच्या पदराला पोरं होती. बुधवारपासून त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, कुणापुढं तोंड वाकडं केलं नाही. फक्त एक-एक वस्तू दाराशी आणून ठेवली. पाटा कसा आणला देव जाणे.

"मागच्या बारीला पाटा ऱ्हायला तितंच," त्या म्हणाल्या. "सासूचा व्हता. गडबडीत ऱ्हायला. आता म्हटलं आधी पाटा."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी तोंडघशी पडलोय. एकदा लग्नाच्या पार्टीच्या चादरी मयताच्या घरी पाठवल्यात. पण असा गार कधी पडलो नव्हतो. माझ्यासाठी ती एक दुपार होती आणि बारावं नाव होतं. या बाईसाठी ते दुसरं धरण होतं.

"मावशी, काही नाही ओ. चूक झालीय. कागदावरची चूक. गाव हितंच राहणार."

"कुणाची चूक?"

ताई, दाजी, भाचा, तिघंही माझ्याकडं बघत होते. मी काहीतरी समजावून सांगेन म्हणून. दाजी म्हणजे ताईचे यजमान, शांत माणूस. मी म्हणालो, "कॉम्प्युटरची."

पाटा त्यांनी आत नेऊ दिला नाही. "उद्या पावणं जाऊ द्या, मग बघू," म्हणाल्या. म्हणजे विश्वास नव्हताच. रविवारी सकाळी जीप आली तेव्हा पाटा, डबा, वाकळ तिथंच आणि त्या तिथंच.

जीपमधून मुलीचे वडील उतरले, काका उतरले, आत्या उतरल्या आणि शेवटी मुलगी. वडील साधे. आत्या आणि काका आपसात कन्नडमध्ये बोलत होते. 'नीरु' हा शब्द तीनदा आला. नीरु म्हणजे पाणी, एवढं सोलापुरात वाढलेल्या कुणालाही कळतं. काकांनी चहा घ्यायच्या आधी भिंतींना पाण्याची ओल आहे का ते हात लावून पाहिलं. मग बाग पाहिली, मोटारी पाहिल्या, सातबारा मागून वाचला. भाचा मागं-मागं, शर्टाची इस्त्री पार मोडलेली.

सगळे सोप्यात येऊन बसले. पोहे आले. मुलीनं पोह्याला हात लावला नाही. पर्समधून मोबाइल काढला.

"एक विचारू?" ती भाच्याला म्हणाली. आवाज हळू, पण सरळ. "आमच्या लॅबमध्ये कुणी रिपोर्ट बदलला की आधी काय होतं, कुणी बदललं, किती वाजता, ते सगळं राहतं. इथंही राहतं. काकांनी तुमच्या आईंना फोन केला बुधवारी दुपारी. त्यानंतर पाऊण तासात हे गाव बुडालेल्यातून जिवंतात आलं. आम्ही विचारलं आणि तुम्ही बदललं. मग खरं कुठलं म्हणायचं?"

काका पुढं सरकले. "मी म्हटलं न्हवतं? म्हटलं न्हवतं? आपल्याला दाखवायला बदललंय!"

भाचा पांढरा पडला. "आमी न्हाय बदललं. आमाला येतच न्हाय त्यातलं. मामांनी कुणाकडनं तरी..."

"बदलणाऱ्याचं नाव आहे इथं," मुलगी म्हणाली आणि वाचलं, "गोडाऊनवाला."

चहाचा कप माझ्या हातात होता. खाली ठेवायला जागा दिसेना. ताईनं मान वळवली. दाजींनी मान वळवली. सगळ्यांत शेवटी भाच्यानं. मी हे नाव घेतलं तेव्हा तो शेजारीच बसलेला होता.

"आणि बुडवणाऱ्याचंही आहे," ती म्हणाली. बोट वर सरकवत थांबली. भुवया वर गेल्या. "तेच आहे."

आत्यांनी वाकून मोबाइलमध्ये पाहिलं.

"कुणीतरी सांगितलंही होतं यांना," ती पुढं वाचत होती. "गाव हाय की, लोक राहत्यात हितं. तर यांनी लिहिलंय, गाव अस्तित्वात असल्याबद्दल विश्वसनीय संदर्भ द्यावा."

दाजी खाकरले. "ते मी लिवलंवतं," ते म्हणाले. "पोराच्या मोबाइलवरनं. मला काय ठावं हे आमचंच पावणं हायती. संदर्भ म्हंजे काय ते मी तलाठ्याला इचारून आलो. तो म्हटला, मला न्हाय म्हाईत."

मग मला बोलावं लागलं. उभा राहिलो, शाळेत उभं करायचे तसा. गोडाऊन सांगितलं, कप्पे सांगितले, लहान गठ्ठा मोठा गठ्ठा सांगितलं, अकरा नावं सांगितली. ताईचा फोन आल्यावर काय केलं तेही सांगितलं, रिकामटेकड्यासकट. "या पोराचा यात काही दोष नाही," मी म्हणालो. "याला बत्तीस वर्षांत खोटं बोलता आलेलं नाही. कॉम्प्युटरची चूक म्हणून मावशींना सांगितलं तेही मीच. माझ्यामुळं त्या चार दिवस दाराशी बसल्यात."

ताईनं पदर तोंडाला लावला. रडायला नव्हे, मला शिव्या घालायच्या होत्या आणि पाहुणे बसलेले होते.

मुलगी उठली आणि थेट उंबऱ्याशी मावशींजवळ जाऊन बसली. दोघींत काय झालं ते नीट ऐकू आलं नाही. पाट्यावर हात ठेवून मावशी काहीतरी सांगत होत्या, एकदा हात लांब करून पाण्याकडं दाखवलं. मुलगी ऐकत होती. मग तिनं मोबाइल मावशींच्या डोळ्यांपुढं धरला आणि बोटानं एक ओळ दाखवली. मावशींना वाचता येत नाही. तिनं ती ओळ दोनदा वाचून दाखवली. गाव धरणाकाठी आहे, वर. थोड्या वेळानं मावशींनी वाकळीची दोरी सोडायला घेतली. भाचा धावला, मुलीनं पाट्याचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं धरलं, आणि तो पाटा आत गेला.

काका अजून हटून बसलेले. "पाटा उचलला म्हणून काय झालं? ज्या घरातला माणूस आख्खं गाव खाली-वर करतो, ते उद्या काय काय लपवतील? ही फसवणूकच की!"

मुलगी हाताची धूळ झटकत बाहेर आली. माझ्याकडं तिनं एकदा नीट पाहिलं, लॅबमध्ये बाटली उजेडाकडं धरून बघतात तसं.

"पसंत आहे म्हणून सांगा, काका," ती म्हणाली. "फसवायला डोकं लागतं. या मामांना खरंच काही कळत नाही."